एक सायकल, दोन प्रकारच्या वाटा आणि एक गंजलेलं बेअरिंग: हंगामभराच्या वापरानंतर

माझ्या सायकलच्या मागच्या सस्पेन्शनच्या मुख्य पिव्हटचं, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग ज्यावर वरखाली हलतो त्या सांध्याचं, एक बेअरिंग गेलं, तेही हंगाम संपायच्या आत. सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. कारण काय, तर "तुम्ही सायकल बाइक पार्कमध्ये चालवता." (बाइक पार्क म्हणजे सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटांची जागा.) कंपनीचं नाव लिहीत नाही, पण त्या एका वाक्याने डोकं असं फिरलं की साधा रिव्ह्यू लिहायला बसलो होतो, त्याला हे एवढं लांबण लागलं.

सायकल म्हणजे १४० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबतं), २९ इंची चाकांची, ॲल्युमिनियम फ्रेमची ट्रेल बाइक.  मी ती साधारण निम्मा वेळ सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या ट्रेलवर चालवली: बर्म (वळणाच्या बाहेरच्या कडेची कललेली मातीची भिंत), टेबलटॉप (उडीसाठीचा उंचवटा), अवघडपणा सांगणाऱ्या हिरव्या-निळ्या-लाल-काळ्या पाट्या, सगळं व्यवस्थित. उरलेला निम्मा वेळ मोकळ्या मुलुखात, म्हणजे पायवाटा, गुरांच्या वाटा, शेतांच्या कडेचे कच्चे रस्ते, ओढे. एकाच सायकलवर दोन्ही भागतं का, एवढंच मला बघायचं होतं. दुसरी सायकल घेण्याची ऐपत नाही असं नाही, पण इच्छा अजिबात नाही.

आता स्टिकरची गोष्ट. डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला एक बारीकसा स्टिकर असतो, त्यावर आकडा. माझ्या सायकलवर ३ आहे. हे आकडे एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२०४३ वर्गीकरणातून येतात; सायकल कशा वापरासाठी आहे ते त्यातून कळतं. ३ म्हणजे खडबडीत ट्रेल चालेल, पण उडी किंवा ड्रॉप (पायरीवरून खाली उतरणं) ६१ सेंमीच्या आतला. ४ असेल तर १२२ सेंमी. सर्व्हिस सेंटरमधल्या साहेबांनी तो स्टिकर मलाच दाखवला आणि म्हणाले, टेबलटॉपवर उड्या मारल्या असतील. टेबलटॉपचा माथा सपाट असतो. ज्याला उडायचं नाही तो चाक न उचलता आरामात वरून जातो. मी तसाच जातो. माझ्या वयात हवेत जाण्यापेक्षा जमिनीवर राहण्याला जास्त अक्कल लागते असं माझं मत आहे. पण ते ऐकायलाच तयार नव्हते, कारण फॉर्मवर "बाइक पार्क" असा रकाना होता आणि मी त्यावर प्रामाणिकपणे खूण केली होती.

बेअरिंग घरी आणून सील उचकटलं. आत गोळ्या जेमतेम दिसत होत्या. ग्रीसच्या जागी तांबूस लगदा. एका मोठ्या आघाताने बेअरिंग मेलं असतं तर रिंगांवर गोळ्यांच्या ठशांचे खळगे मिळाले असते. इथे होता तो निव्वळ गंज. आणि गंजायला पाणी लागतं. बांधलेल्या ट्रेलवर मला पाणी लागलंच नव्हतं.

थोडं बेअरिंगपुराण सांगतो, कारण सायकल घेताना याबद्दल कुणीच बोलत नाही. चाकाच्या हबमधलं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं आणि भार सगळ्या गोळ्यांवर पाळीपाळीने येतो. पिव्हटचं बेअरिंग फिरतच नाही, काही अंश पुढे, काही अंश मागे, बस्स. त्याच मोजक्या गोळ्या, त्याच जागी, हजारो वेळा दाबल्या जातात. म्हणून चांगल्या फ्रेममध्ये गोळ्यांमधली जाळी काढून टाकलेलं, पूर्ण गोळ्या भरलेलं बेअरिंग वापरतात. माझ्यात होतं ते साधं, जाळीवालं. एवढ्या महागड्या सायकलमध्ये इतक्या स्वस्त वस्तूवर काटकसर का करावी, हे मला अजून समजलेलं नाही. त्यात हा पिव्हट बसवलाय पेडलच्या धुरेच्या जरा वर, मागच्या टायरच्या बरोबर समोर. टायर जो चिखल उडवतो तो थेट तिथेच. मडगार्डची एक रबरी पट्टी तिथे लावता आली असती. नाही लावली.

(सायकलच्या बेअरिंगशी भांडणारा मी काही पहिला नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर खाली. मागे कोस्टर ब्रेक, म्हणजे पेडल उलटं दाबलं की हबच्या आत लागणारा. तळाशी पोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणूनच त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. माउंटन बायकिंगच्या जन्मातच ग्रीस आहे म्हणा ना. त्यांना निदान वॉरंटीचा फॉर्म भरावा लागत नव्हता.)

बांधलेल्या ट्रेलबद्दल सुरुवातीला माझं मत फारसं बरं नव्हतं. वाटायचं, हे म्हणजे माशासारखे काटे काढून पानात वाढलेला डोंगर. वळण कुठे येणार ते आधी कळतं, बर्म चाकाला धरून फिरवून देतो, रोलर, म्हणजे मातीचे गोल उंचवटे, ठरावीक अंतरावर. मोकळ्या मुलुखात प्रत्येक मीटर आपला आपण वाचायचा असतो, खरी सायकल तीच, वगैरे वगैरे. महिनाभराच्या वापरावर जो मसुदा लिहून ठेवला होता, त्यात हे सगळं भरपूर विशेषणांसह आहे.

मग पाऊस आला आणि मत बदललं. रात्रभर पडून सकाळी उघडल्यावर बांधलेल्या ट्रेलवर गेलो, तर जमीन ओलसर पण घट्ट. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाची पायवाट मात्र ओढा झाली होती. माती तीच, पाऊस तोच. फरक वाटेच्या आखणीत. माणसं आणि गुरं उतरताना जवळची वाट धरतात, म्हणजे सरळ उताराने खाली; पाण्यालाही तीच दिशा हवी असते. त्यावर चाकं फिरली की मधोमध खोलगट चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात ती पन्हळीसारखी सगळं पाणी गोळा करून खाली नेते, सोबत माती. दरवर्षी थोडी खोल, शेजारून नवी वाट, तीही खोल.

ट्रेल बांधणारे पाण्याचा विचार आधी करतात, सायकलचा नंतर. त्यांचा एक साधा नियम आहे: वाटेचा चढ त्या डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. त्यापेक्षा तीव्र केली की पाणी वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटेवरूनच चालायला लागतं. एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कललेली. आणि ठरावीक अंतरावर उतरणारी वाट क्षणभर वर चढते, म्हणजे मागून आलेलं पाणी तिथे थांबून बाहेर पडतं. ज्या छोट्या चढउतारांवर आपण खुशीत सायकल पंप करत, म्हणजे हातापायांनी दाबत, वेग घेतो, त्यातले बरेचसे मुळात पाणी काढायला केलेले असतात. हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. माझं बेअरिंग मारणारा चिखल त्या वाटांवर साचतच नाही, हे सर्व्हिस सेंटरला कोण सांगणार?

म्हणून बांधलेला ट्रेल निर्दोष आहे असं मात्र नाही. तिथला माझा वैताग म्हणजे ब्रेकिंग बम्प्स. प्रत्येक वळणाआधी सगळे त्याच जागी ब्रेक दाबतात, माती पुढे ढकलली जाते आणि पत्र्याच्या नळीदार लाटांसारखी जमीन होते. नवखे जितके जास्त, तितक्या लाटा खोल. कॅनडातल्या व्हिस्लरसारख्या ठिकाणी लिफ्टने वर जाऊन दिवसभर त्याच ट्रेलवरून खाली येतात, तिथे तर हा रोज दुरुस्त करायचा विषय. माझ्या मनगटांनी पहिल्या दोन महिन्यांत तक्रार केली ती यापायी. उड्यांचा संबंध नाही. मोकळ्या वाटेवर दगड असतात, मुळं असतात, पण दर अर्ध्या फुटावर एकसारखा धक्का नसतो.

दुसरी गोष्ट सवयीची. बर्मवर सतत फिरलं की शरीर वळणात टेकायला भिंत शोधतं. मग मोकळ्या मुलुखात सपाट, सैल मातीचं वळण आलं की पुढचं टायर बाहेर घसरतं, कारण तिथे टेकू देणारं कुणी नाही. सायकल झुकवायची, अंग सरळ ठेवायचं, बाहेरच्या पेडलवर भार. हे तुम्हाला कुठला बर्म शिकवणार नाही. उलटही खरं: नुसत्या पायवाटांवर चालवणारे माझे ओळखीचे लोक बर्ममध्ये शिरायच्या आधीच इतका वेग कमी करतात की त्या भिंतीचा उपयोगच होत नाही.

जागेचा प्रश्नही लोक काढतात: मोकळ्या मुलुखात सायकलला बंदी असते म्हणून हे ट्रेल बांधावे लागले. अंशतः खरं असेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना घोड्यांच्या वाटांवर जायचा हक्क मिळाला, पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर. साध्या पायवाटांवर तो हक्क नाही. १९९० च्या दशकात वेल्समधल्या कोएड-इ-ब्रेनिनच्या जंगलात सायकलसाठी बांधलेले ट्रेल नावारूपाला आले. पण स्कॉटलंड बघा. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागलात तर बहुतेक सगळा मुलुख सायकलला खुला आहे, आणि तरीही दक्षिण स्कॉटलंडातल्या सेव्हन स्टेन्सच्या बांधीव ट्रेलवर लोक जातातच. म्हणजे सगळं दार उघडं असलं तरी माणसाला आखलेली वाट आवडते. मलाही आवडायला लागली आहे, कबूल.

आणि युटामधल्या मोॲबचा स्लिकरॉक ट्रेल कुठल्या खान्यात बसवायचा? १९६९ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी आखलेला. उघड्या वाळूच्या दगडावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या, एवढीच आखणी. खडक निसर्गाचा, रेघ माणसाची. मला वाटतं सगळ्यात कमी खर्चाचा बांधीव ट्रेल तोच असावा, आणि तिथे चिखलही नाही.

अपडेट, बेअरिंग बदलल्यानंतर: सर्व्हिस सेंटरने "सदिच्छा म्हणून" मजुरीत सवलत देऊ केली होती. ती नाकारली. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, माझं ६९०२, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिमी. हे माप सायकल कंपनीच्या मालकीचं नाही. बेअरिंग विकणाऱ्या कुणाकडेही मिळतं, आणि कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं, पूर्ण गोळ्यांचं घेतलं. लांब बोल्ट, दोन नट आणि योग्य मापाचे वॉशर वापरून दाबून बसवलं. बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर दिलात तर नवं बेअरिंग तिथेच खराब. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. आणि पाण्याचा जोरदार फवारा मारणारा प्रेशर वॉशर पिव्हटपासून लांब ठेवा, सीलच्या आत पाणी घालायला त्याच्याइतकं हुशार यंत्र नाही. बादली आणि फडकं पुरे.

त्यानंतर ओल्या दिवसांत मी बांधलेल्या ट्रेलवरच गेलो आणि जमीन सुकली की मोकळ्या मुलुखात. पिव्हटला आजवर जराही खेळ (ढिलेपणा) नाही. तेव्हा आता मी जागा निवडतो ती मनःस्थितीवर कमी आणि जमिनीच्या ओलीवर जास्त. ओल्या पायवाटेवर चाकं घालून चाकोरी खोल करायची नाही हे कारण मित्रांना सांगतो. ते खोटं नाही, पण पहिलं कारण बेअरिंगच आहे.

सेटिंगबद्दल थोडक्यात. बांधलेल्या ट्रेलवर टायरमध्ये हवा पुढे २३, मागे २६ पीएसआय. मोकळ्या वाटेवर दोन्हीकडे दोनेक कमी. ट्यूबलेस असेल तरच. ब्रेक पॅड मी आता सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, वापरतो. ऑर्गॅनिक (रेझिनचे) पॅड शांत असतात, चावतात छान, पण ओल्या रेताड चिखलात एकाच फेरीत पत्र्यापर्यंत झिजलेले बघितलेत. सिंटर्ड थंडीत किंचाळतात, ते सहन करतो. गिअर बदलणाऱ्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा एक जादा हँगर बॅगेत असतोच; मोकळ्या मुलुखात एक काठी अडकली की तो वाकतो, आणि तिथे पाटी, रस्ता, माणूस काहीच नसतं.

टायर सध्या पुढे जाड गुठळ्यांचं, मागे जरा सपाट. मागचं पार्कच्या कडक मातीवर भराभर झिजलंय, मधल्या गुठळ्या जवळजवळ गेल्या. कडेच्या अजून शाबूत. पुढचं मागे टाकणार आणि नवं फक्त एकच घेणार.