ताडपत्रीवरचा यूव्ही स्प्रे: नायलॉनवाल्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी जरा थांबावं

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. तुमची कॅम्पिंगची ताडपत्री नायलॉनची असेल आणि दिवसच्या दिवस एकाच जागी ताणलेली राहणार असेल, तर हा यूव्ही स्प्रे, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपासून कापड वाचवणारा फवारा, घ्या. पॉलिएस्टरची असेल तर घाई नाही. प्लास्टिकची असेल तर तेच पैसे पुढच्या ताडपत्रीसाठी बाजूला ठेवा.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्यात विरघळवलेला, घरच्या घरी मारायचा यूव्ही स्प्रे एवढी ओळख पुरेशी आहे, आणि खाली नोझलबद्दल जी कुरकूर आहे ती एकट्या याच बाटलीच्या माथी मारायची माझी इच्छा नाही.

माझा वापर असा: लांब पल्ल्याच्या सायकल सफरी, मधेमधे दोन-चार दिवसांचे मुक्काम. सायकल चालवण्याच्या दिवसांत ताडपत्री संध्याकाळी चढते आणि सकाळी पिशवीत जाते, म्हणजे ऊन तिच्या वाट्याला येतच नाही. खरी झीज होते ती मुक्कामाला. तेव्हा तीच स्वयंपाकघर, तीच पंक्चरचं दुकान आणि दुपारच्या झोपेचं छप्परही तीच. म्हणून ‘माझी ताडपत्री पाच वर्षं टिकली’ असं कुणी सांगितलं की मी विचारते, त्यातले तास उन्हात किती गेले? वर्षं मोजून काही कळत नाही.

ऊन कापडाचं नेमकं काय करतं? जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत साधारण ९५ टक्के यूव्हीए असतात, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, आणि उरलेले त्याहून आखूड लहरींचे यूव्हीबी. हे किरण धाग्यातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. रंग उडणं ही वरवरची गोष्ट झाली. कापड आतून विरायला लागतं, तेव्हा ते दिसायला धडधाकटच असतं आणि एका वाऱ्याच्या रात्री शिवणीपाशी फाटतं. डोंगरात हे जास्त जाणवतं: दर १००० मीटर उंचीला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं. ताज्या बर्फावरून तर ८० टक्क्यांपर्यंत परत उसळतं, म्हणजे ताडपत्री खालूनही भाजते. पातळ ढग असले म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यातून बहुतेक यूव्ही आरपार येतं.

बाटलीवर आयुष्य वाढवण्याचे दावे असतातच. ते तपासायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण चिंध्या होत्या. ताडपत्रीबरोबर दुरुस्तीसाठी मिळालेला नायलॉनचा तुकडा पट्ट्यांमध्ये कापला. एका पट्टीला स्प्रे मारला, एक कोरी ठेवली, आणि दोन्ही ताडपत्रीच्या कडेला शेजारीशेजारी बांधल्या. तिसरी सगळा वेळ पिशवीच्या तळाशी, अंधारात. सफर संपल्यावर प्रत्येकीला कात्रीने बारीक चीर दिली आणि हातांनी ओढलं. पिशवीतली पट्टी बोटांना दाद देईना. कोरी पट्टी चर्रकन सरळ रेषेत गेली, जोर लावावाच लागला नाही. स्प्रेवाली मधे कुठेतरी: फाटली, पण आधी ताणली गेली, अडली, मग फाटली. हाच खेळ पॉलिएस्टरच्या पट्ट्यांवर केला तेव्हा स्प्रेवाली कुठली आणि कोरी कुठली हे डोळे मिटून मला सांगता आलं नाही. पॉलिएस्टर मुळातच उन्हाला नायलॉनपेक्षा चांगलं तोंड देतं, शिवाय दवाने फारसं सैलही पडत नाही. नायलॉन रात्री ओलं होऊन लोंबतं. आपण उठून दोर ओढतो, आणि सकाळी वाळलं की तेच कापड आखडून कोपऱ्यांच्या शिवणी ताणतं. विरलेल्या कापडाला हा रोजचा ताण पुरतो.

आता लावण्याची कटकट. कापड आधी साध्या कोमट पाण्याने धुवायचं, साबण टाळायचा, आणि ओलसर असतानाच फवारायचं. पॉलियुरेथेनचं कोटिंग असेल तर बाहेरच्या बाजूवर स्प्रे व्यवस्थित पसरतो. सिलिकॉनचं कोटिंग असलेल्या कापडावर मात्र थेंब गोळा होऊन घरंगळतात, कारण पाण्याला हुसकावणं हेच तर त्या कोटिंगचं काम. तिथे मी फवारत बसत नाही. फडक्यावर घेऊन चोळते, दोन मिनिटांनी पुन्हा चोळते, जास्तीचं टिपून घेते. टिपलं नाही तर वाळल्यावर पांढुरके डाग राहतात. नोझल तर निव्वळ डोकेदुखी: निम्मी बाटली संपेपर्यंत बारीक फवारा, त्यानंतर पिचकारी. दुसऱ्या कुठल्या तरी बाटलीचं नोझल बसवलं आणि तो विषय मिटवला.

सगळ्या कापडाला लावायला वेळ नसेल तर निदान वरची मधली शिवण, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि दोर बांधायचे फास एवढं तरी भिजवा. शिवणीचा दोरा उघडा असतो, ताणलेला असतो आणि भर दुपारी थेट उन्हात असतो. पट्ट्यांचं विणलेलं कापड स्प्रे छान पितं. या एका कामासाठी मी याला पैकीच्या पैकी गुण देईन.

प्लास्टिकच्या ताडपत्रीचं काय? ती पॉलिथिलीनची. त्यावर स्प्रे धरतच नाही, नुसता सरकतो. तिला वाचवणारी द्रव्यं कारखान्यातच, प्लास्टिक वितळवताना मिसळावी लागतात. काळ्या ताडपत्रीतलं कार्बन ब्लॅक हे त्यातलं सगळ्यांत जुनं आणि स्वस्त. ते नसेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पापुद्रे सुटायला लागले की सरळ बदला. तो चुरा जमिनीत मिसळला की गोळा करता येत नाही.

एक गफलत जाता जाता. कापडाच्या लेबलवर ‘यूपीएफ ५०’ दिसलं की लोक म्हणतात, झालं, ऊन लागणार नाही. यूपीएफ हा कापड किती यूव्ही अडवतं याचा आकडा, आणि तो ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाच्या कातडीसाठी आहे: ५० म्हणजे पन्नासातला एक भाग खाली पोचतो, २ टक्के. बाकीचं बरंचसं कापडच पचवतं आणि त्यातच झिजतं. कापड किती पाण्याचा दाब सोसतं याचा जो आकडा मिलिमीटरमध्ये छापलेला असतो, त्याचाही उन्हाशी संबंध नाही.

दोष सांगायचा तर मोठा एकच: स्प्रे टिकत नाही. पावसाने आणि घडीच्या घासण्याने तो उतरत जातो, आणि जी द्रव्यं यूव्ही शोषतात ती स्वतःही हळूहळू खर्ची पडतात. लांबच्या सफरीत मधे एकदा पुन्हा लावावा लागतो, म्हणजे बाटली वाहून न्यायची. माझा सोबती यावरून हसतो. त्याचा उपाय फुकटचा आहे: सकाळी सगळे हिंडायला निघाले की ताडपत्री उतरवायची. तेवढ्याने दहा ते दोनचं ऊन टळतं आणि दिवसातलं अर्ध्याहून जास्त यूव्ही याच चार तासांत येतं. खरं सांगायचं तर बाटलीपेक्षा हा उपाय सरस आहे. पण मुक्कामात कुणाला ताप आला, कुणाचं चाक उघडून पडलं, की सावली दिवसभर लागतेच. तेव्हा आम्ही मुख्य ताडपत्रीच्या वर एक जुनी चादर हातभर अंतर सोडून ताणतो. झिजायची ती झिजो. मधून वारा खेळतो, खाली गारवाही येतो.

झाडाखाली बांधणं सर्वांत सोपं, फक्त वरून चीक गळत नाही ना आणि वाळकी फांदी लटकत नाही ना, ते बघून घ्या.

घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. कापड नवं असतानाच लावा, विरल्यावर लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि थंडीत बाटली गोठू देऊ नका. आतलं मिश्रण एकदा फाटलं की कितीही हलवा, फवाऱ्यातून गुठळ्याच येतात.