टेम्पोच्या घडीच्या ट्रेसाठी 32,045 रुपये गेले : बिलावरचा कर वाचा, पोचपावतीवर शेरा लिहा

माझे पाच छोटे टेम्पो आहेत. त्यांतील एक मी स्वतः चालवतो आणि चार गाड्यांवर चालक आहेत. पुण्यात सदाशिव पेठेतील औषधांच्या घाऊक विक्रेत्यांकडून माल उचलायचा आणि तो शहरातील व उपनगरांतील मेडिकल दुकानांपर्यंत पोहोचवायचा, हे काम मी अकरा वर्षे करत आहे. बिल, चलन, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) आणि पोचपावती या कागदांतच माझा दिवस जातो, आणि यांपैकीच दोन कागदांनी जून-जुलै 2024 मध्ये माझे 32,045 रुपये नेले. हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण ज्या माणसाने मला फसवले त्याने माझ्याआधीही काही जणांना फसवले होते आणि त्यांपैकी एकानेही चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर मी वाचलो असतो.

मला हवी असलेली वस्तू साधी होती : टेम्पोच्या केबिनमध्ये, चालकाशेजारच्या बाजूला डॅशबोर्डखाली बसवायचा घडीचा ट्रे. औषधांच्या डिलिव्हरीत प्रत्येक दुकानापाशी बिल पसरून बॅच क्रमांक आणि एक्स्पायरीची तारीख ताडून पाहावी लागते, परत आलेल्या मालाची यादी करावी लागते, रोख मोजावी लागते आणि दुकानदाराची सही-शिक्का घेतलेली प्रत नीट ठेवावी लागते. हे सगळे आजवर गुडघ्यावर किंवा शेजारच्या सीटवर चालत असे. पावसाळ्यात सीट ओली, हात ओले, शाई पसरलेली, आणि सही वाचता आली नाही की घाऊक विक्रेता तेवढी रक्कम आमच्या बिलातून कापतो. 2023 च्या पावसाळ्यात माझे असे 9,400 रुपये कापले गेले होते. त्यामुळे हा ट्रे म्हणजे हौस नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो.

स्वस्ताच्या मागे लागलो म्हणून फसलो, असे मला घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सर्वांनी ऐकवले आहे. ते खरे नाही. भोसरीतील एका फॅब्रिकेशनवाल्याने अठरा बाय बारा इंचांचा, 12 मिलिमीटर प्लायचा, दोन घडीच्या ब्रॅकेटवर बसणारा आणि गाडी चालताना उघडू नये म्हणून खिटी असलेला ट्रे प्रत्येकी 6,200 रुपयांत करून देतो म्हणून सांगितले होते. मात्र त्यासाठी प्रत्येक गाडी एक दिवस त्याच्याकडे उभी करावी लागणार होती, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवसाची फेरी बुडते. मोबाइलवर जाहिरात दिसलेल्या विक्रेत्याचा दर 4,850 रुपये होता आणि चार बोल्टांत ट्रे जागेवर बसेल, असे तो सांगत होता. हा फरक विश्वास बसण्याजोगा होता. ही मंडळी आता दर असाच लावतात; निम्म्या किमतीला कोणी भुलत नाही, हे त्यांनाही कळले आहे.

विश्वास बसण्याचे दुसरे कारण त्याचे प्रश्न होते. गाडी कोणत्या सालची आहे, गिअर पुढे टाकल्यावर दांडा आणि डॅशबोर्ड यांत किती बोटे अंतर राहते, शेजारी हमाल बसत असेल तर त्याचे गुडघे कुठे येतात, हे त्याने विचारले. मी टेप घेऊन पाचही केबिनची मापे काढली आणि कागदावर आकृती काढून पाठवली. मापे मागण्यामागचा खरा हेतू मला फार उशिरा उमगला : मापाप्रमाणे केलेला माल परत घेतला जात नाही, हे वाक्य बिलाच्या तळाशी आधीच छापलेले होते.

आता त्या बिलाविषयी. 11 जून 2024 रोजी दुपारी बिल आले. पत्ता राजकोटचा, जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा, आणि खरेदीदार म्हणून माझा 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा क्रमांक. पाच ट्रे, 24,250 रुपये. त्याखाली सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) 9 टक्के, 2,182.50 रुपये, एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) 9 टक्के, 2,182.50 रुपये, एकूण 28,615 रुपये. मी हातातल्या लाल पेनाने आकडे जुळवले, बेरीज बरोबर आली, आणि एकूण रकमेशेजारी बरोबरची खूण केली. ती खूण केलेला कागद आजही माझ्याकडे आहे आणि तो पाहिला की अंगाचा तिळपापड होतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावर आयजीएसटी लागतो. सीजीएसटी आणि एसजीएसटीची जोडी राज्यांतर्गत विक्रीवर येते. हे मला कोणी शिकवायला नको होते, कारण त्याच महिन्यात नेमक्या याच चुकीसाठी मी एका विक्रेत्याचे बिल परत पाठवले होते. कर कोणत्याही नावाने लावला तरी 18 टक्क्यांची रक्कम 4,365 रुपयेच होते, म्हणून बेरीज चुकली नाही आणि माझी नजर तिथे अडली नाही. खरा कारखानदार स्वतःच्या बिलावर ही चूक सहसा करत नाही. तिथे थांबलो असतो तर एक रुपयाही गेला नसता.

जीएसटी क्रमांक खरा आहे की नाही, हे सरकारी संकेतस्थळावर अर्ध्या मिनिटात कळते, पण केवळ ‘चालू’ असे दिसले म्हणून समाधान मानू नका. तिथे दिसणारे नाव, पत्ता आणि व्यवसाय बिलावरच्या नाव-पत्त्याशी ताडून पाहा. माझ्या बिलावरचा क्रमांक खरा होता. तो एका कापड व्यापाऱ्याचा होता. क्रमांकाकडे नुसते पाहूनही शंका यायला हवी होती. पंधरा अक्षरांतील पहिली दोन राज्याची आणि पुढची दहा पॅनची असतात, आणि पॅनचे चौथे अक्षर कंपनी असेल तर सी आणि व्यक्ती असेल तर पी असते. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड छापलेले होते आणि क्रमांकात त्या जागी पी होते. त्या व्यापाऱ्याचा शोध घेऊन मी त्याला फोन केला, तेव्हा तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “भाऊ, तुमचा सातवा फोन आहे. मी तक्रार देऊन ठेवली आहे.” माझ्याआधी सहा जण!

बिल आले त्याच दिवशी, 11 जूनला, मी 14,300 रुपये आगाऊ भरले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचे नाव न येता एका बाईंचे नाव आले. विचारल्यावर, मालकांच्या पत्नीचे खाते आहे, चालू खात्याचे काम बँकेत अडकले आहे, असे उत्तर मिळाले. कंपनीच्या बिलाचे पैसे कंपनीच्याच खात्यात जातील, नाहीतर जाणार नाहीत. याला अपवाद करू नका. 24 जूनला माल तयार असल्याचा फोटो आला, त्यात पाच ट्रे एकावर एक रचलेले होते आणि वरच्या ट्रेवर माझ्या फर्मचे नाव होते. ते पाहून मी उरलेले 14,315 रुपये भरले. नंतर तो फोटो मोठा करून पाहिला, तर ट्रेच्या कडेवर पडलेली सावली नावाच्या अक्षरांवर कुठेच नव्हती. नाव फोटोवर नंतर चिकटवलेले होते. 27 जूनला पॅकिंग आणि वाहतूक विमा म्हणून आणखी 2,950 रुपये मागितले गेले आणि ते पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू, असे सांगितले गेले. मी तेही दिले, कारण 28,615 रुपये अडकलेले असताना 2,950 साठी माल कशाला अडवायचा, असा विचार मनात आला. ही माणसे नेमकी याच विचारावर जगतात. रक्कम 50,000 रुपयांच्या आत असल्याने ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटी संकेतस्थळावर काढायच्या कागदाचा, प्रश्नच आला नाही. ते लागले असते तर कोणत्या क्रमांकावरून निघाले आहे, हे मी सवयीने पाहिले असते.

8 जुलैला सकाळी पार्सल आले. पाऊस होता, दोन गाड्या भरून निघण्याच्या तयारीत होत्या. टू-पे, म्हणजे माल घेणाऱ्याने द्यायचे, भाडे 480 रुपये होते, ते मी रोख दिले. माझ्या चालकाने खोके एका हाताने उचलून आत आणले. प्लाय आणि लोखंडी ब्रॅकेट मिळून एक ट्रे साडेतीन किलोच्या खाली जात नाही, म्हणजे पाच ट्रेचे खोके सतरा-अठरा किलोंचे हवे. बिल्टीवर स्पष्ट सहा किलो लिहिलेले होते. चालक म्हणालासुद्धा, “दादा, हलकं वाटतंय.” मी घाईत होतो. पोचपावतीवर छापलेल्या ‘माल सुस्थितीत मिळाला’ या वाक्याखाली मी सही केली आणि फर्मचा शिक्का मारला. माझ्या चालकांना मी पहिल्या दिवसापासून शिकवतो की दुकानदाराने पेटी न उघडता सही केली तर त्याला तसा शेरा लिहू द्यावा, कारण तो त्याचा हक्क आहे. मी स्वतः ‘खोके न उघडता स्वीकारले, वजन सहा किलो’ हे सात शब्द लिहिले नाहीत.

खोक्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांखाली काळ्या प्लास्टिकच्या पाच पातळ पाट्या होत्या. मोटारीत बसून खाण्यासाठी स्टिअरिंगला अडकवतात, तशा. आमच्या टेम्पोचे स्टिअरिंग बरेच आडवे असल्याने ती पाटी त्यावर नीट टिकत नाही, आणि बिलबुक ठेवले की मध्ये वाकते. दुपारपर्यंत विक्रेत्याचा फोन बंद झाला होता.

त्या पाट्या चुकून आल्या, असे मला आधी वाटले होते. त्या मुद्दाम पाठवलेल्या होत्या, हे मला पोलीस ठाण्यात कळले. काहीच पाठवले नाही तर ती सरळ फसवणूक ठरते. काहीतरी पाठवले, बिल्टी झाली, पोचपावतीवर सही आली, की तो मालाच्या दर्जाचा वाद होतो; आणि पार्सलच्या वाटेत गेलेल्या दिवसांत पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. मी 8 जुलैच्या संध्याकाळीच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि क्रमांकही मिळाला, पण शेवटचे पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. त्या खात्यात 1,140 रुपये सापडले आणि ते गोठवले गेले. शंका आली की माल येण्याची वाट पाहू नका, त्याच तासाला फोन करा.

त्यानंतरचे चार महिने मी ज्या दारांत उभा राहिलो, त्यांच्याविषयी लिहिताना शब्द आवरावे लागतात. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला, “माल मिळाला ना? सही तुमचीच ना?” दोन्हींना हो म्हणताच, हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा, असे उत्तर मिळाले. दुसऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर बनवलेले बिल, दुसऱ्याच माणसाचे खाते, खोटा फोटो आणि अस्तित्वात नसलेला पत्ता, हे सगळे समोर ठेवूनही दिवाणी! फसवणुकीचे कलम 420, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनचे भारतीय न्याय संहितेचे कलम 318, आणखी कशासाठी आहे? तिथून मला सायबर विभागाकडे पाठवले, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा ठाण्याकडे पाठवले, आणि ठाण्यात, गुन्हा राजकोटचा आहे, तिकडे तक्रार करा, असे सांगितले गेले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. मी त्याची छापील प्रत पुढे केली, तर साहेबांनी ती न वाचता मला परत दिली. प्रत्येक ठिकाणी तेच सदतीस कागद, प्रत्येक ठिकाणी नव्या झेरॉक्स, आणि प्रत्येक फेरीला माझी एक गाडी उभी.

माझ्या बँकेने, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवले आहेत, म्हणून आमचा संबंध नाही, असे लेखी दिले. ज्या बँकेत ते खाते होते तिने, आम्ही फक्त पोलिसांशी बोलू, असे कळवले. पोलीस म्हणतात दिवाणी. गोठवलेले 1,140 रुपये मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा, असे मला सांगितले गेले. त्यासाठी वकिलाने मागितलेली फी 3,000 रुपये आहे.

एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात, तुम्ही व्यवसायासाठी खरेदी केली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे ऐकवले गेले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू वाणिज्यिक हेतूची मानली जात नाही. मी रोज सकाळी सहाला स्वतः गाडी घेऊन निघतो. चार चालक आहेत म्हणून माझी उपजीविका उपजीविका राहत नाही का? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मी स्वतः वाचून शोधले, केंद्रात कोणी सांगितले नाही. अडचण एवढीच की नोटीस बजावायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेले माझे नोंदणीकृत पत्र ‘पत्ता अपूर्ण’ शेऱ्यासह परत आले आहे.

ज्यांच्याकडे 24 ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे, सीजीएसटी-एसजीएसटी लावलेले, केबिन ट्रेचे असे बिल आले असेल, त्यांनी पैसे भरू नयेत आणि भरले असतील तर स्वतंत्र तक्रार नक्की द्यावी, कारण माझी रक्कम लहान म्हणून बाजूला ठेवली जाते, सात जणांच्या रकमा एकत्र आल्या तर तसे करता येणार नाही. बिल्टी थर्मल कागदावर छापलेली असेल तर छपाई उष्णतेने पुसट होते, तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. खोके फेकू नका. माझे खोके, त्यातील पाच पाट्या आणि वर्तमानपत्राचे बोळेसुद्धा मी तसेच ठेवले आहेत.

ट्रे शेवटी भोसरीत करून घेतले, गाड्या एकेक दिवस उभ्या केल्या आणि 31,000 रुपये दिले. ठाण्यात नवे अधिकारी आले आहेत. त्यांनी पुढच्या सोमवारी खोके घेऊन बोलावले आहे आणि वजनकाट्यावर ते आपल्यासमोर तोलू, असे चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी म्हणाले आहे.