फेअरबँक्सला पाहुणे जूनमध्ये बोलवावेत की मार्चमध्ये?

अलास्कातील फेअरबँक्सला राहणाऱ्याकडे मित्र यायचे म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात जून असतो. २१ जूनच्या आसपास तेथे सूर्य सुमारे २२ तास मावळत नाही, शहरातून वाहणाऱ्या चीना नदीत होडी वल्हवता येते आणि पाहुण्यांना गरम कपडे पुरवावे लागत नाहीत. मात्र रात्री अंधारच होत नसल्याने ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, जाड पडदे लावूनही झोप लागत नाही, आणि डासांविषयी तर न बोललेलेच बरे.

मार्चच्या उत्तरार्धात दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. दुपारी स्कीवर किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरावे, आणि मध्यरात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पट्टा हलू लागला की झोपलेल्यांना हाका मारून अंगणात आणावे. यजमानाचे काम अर्थातच वाढते: प्रत्येकाच्या मापाचे बूट जमवायचे, पारा फार उतरला तर गाडीच्या इंजिनाचा हीटर रात्री विजेला जोडायचा, आणि ओल्या हातमोज्यांसाठी शेगडीजवळ दोरी बांधायची. तरीही पहिल्यांदा येणाऱ्याला मी मार्चच सुचवीन. लहान मुले सोबत असतील, तर मात्र जून.