मसाल्याआड किती रम? पाच स्पाइस्ड रमची तुलना

स्पाइस्ड रमची बाटली घेताना ग्राहक रमचे आणि मसाल्याचे पैसे मोजतो, पण बहुसंख्य बाटल्यांत त्याच्या पदरात सर्वांत जास्त पडते ती व्हॅनिला. ब्रिटनमधल्या दुकानांत मिळणाऱ्या कॅप्टन मॉर्गन स्पाइस्ड गोल्ड, सेलर जेरी, क्रॅकन, फोरस्क्वेअर स्पाइस्ड आणि चेअरमन्स रिझर्व्ह स्पाइस्ड या पाच बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, तेव्हा त्यांतला खरा फरक मसाल्यांच्या यादीत नसून त्या मसाल्यांखाली असलेल्या रममध्ये आहे, हे स्पष्टपणे जाणवले. ताजेपणा गेलेल्या मासळीवर स्वयंपाकी मसाला सढळ हाताने घालतो, तोच प्रकार या व्यवसायात राजरोस चालतो, आणि लेबलावरची चित्रे जितकी समुद्री चाच्यांची तितकी शंका अधिक घ्यावी, असे माझे मत झाले आहे.

व्हॅनिलाच का, याचे कारण पिंपांमध्ये आहे. रम ओकच्या पिंपात मुरते तेव्हा लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला तिचा वास देणारे द्रव्य, तयार होऊन ते तिच्यात उतरते, आणि लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉलही ओकमध्ये अल्प प्रमाणात असते. म्हणजे चांगल्या मुरलेल्या रमला व्हॅनिला आणि लवंग यांची छटा काहीही न घालता आपोआप येते. परंतु मुरवणे महाग पडते. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातले मद्य दरवर्षी साधारण २ टक्के उडून जाते, तर कॅरिबियन बेटांच्या उष्ण हवेत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. आठ-दहा वर्षे थांबलेल्या उत्पादकाच्या हाती मूळ मालापैकी बराच भाग उरतच नाही. त्यापेक्षा कोवळ्या रममध्ये व्हॅनिला, थोडी साखर आणि रंगासाठी कॅरामेल मिसळले, तर जुन्या रमचा आभास काही दिवसांत निर्माण करता येतो. स्पाइस्ड रम म्हणून विकल्या जाणाऱ्या मालापैकी पुष्कळसा माल हा असा वेळेला दिलेला पर्याय असतो, आणि त्यात बेकायदा काही नाही.

कायदा उलट या बाबतीत बराच स्पष्ट आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या मद्याला केवळ ‘रम’ म्हणायचे त्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ३७.५ टक्के असावे लागते, त्याला बाहेरून स्वाद देता येत नाही, आणि चव गोलाईदार करण्यासाठी घातलेली साखर लिटरमागे २० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. ब्रिटनमध्येही नियम त्याच धर्तीचे आहेत. त्यामुळे मसाला घातलेली रम कायद्याच्या भाषेत ‘स्पिरिट ड्रिंक’ ठरते, आणि हे दोन शब्द बाटलीवर कुठेतरी बारीक अक्षरांत सापडतात. एकदा ‘रम’ या व्याख्येतून बाहेर पडले की किमान प्रमाणाचे आणि साखरेच्या मर्यादेचे बंधनही सुटते. खरेदीपूर्वी मद्यार्काचा आकडा आधी वाचावा असे मी सांगतो ते यासाठीच. साखरेचा आकडा मात्र लेबलावर नसतो. स्वीडन आणि फिनलंड येथील सरकारी मद्यविक्री संस्था आपल्या संकेतस्थळांवर तो देतात, आणि विकत घेण्याआधी तेथे एक नजर टाकणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडते.

चाखण्याची पद्धत साधी ठेवली होती. प्रत्येक रम आधी काहीही न मिसळता, मग जवळजवळ तितकेच पाणी घालून, आणि शेवटी बर्फ व कोलाबरोबर घेतली. पाण्याची कसोटी सर्वांत निर्दय असते, कारण पाणी घातल्यावर मद्यार्काचा दाह आणि साखरेचा जडपणा दोन्ही सैल होतात व खाली मळीपासून काढलेल्या मद्याची स्वतःची चव आहे की नाही ते उघडे पडते. याशिवाय रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवून सकाळी हुंगावा: चांगल्या रमच्या ग्लासाला लाकडाचा, उसाच्या मळीचा, सुकामेव्याचा वास उरतो, आणि साखरेने जाड केलेल्या रमच्या ग्लासाच्या तळाशी बोटाला लागणारे चिकट कडे उरते.

कॅप्टन मॉर्गन स्पाइस्ड गोल्ड हे या प्रकारातले सर्वांत ओळखीचे नाव. १९८० च्या दशकात अमेरिकेत सीग्रॅम कंपनीने मसालेदार रूपात ते आणले आणि आज जगभर ‘स्पाइस्ड रम’ म्हटल्यावर ज्या चवीची अपेक्षा केली जाते ती मुख्यत्वे या बाटलीनेच घडवली. सध्या हा ब्रँड डियाजिओ या ब्रिटिश मद्यकंपनीकडे आहे. मद्यार्क ३५ टक्के. वास गोड, पेस्ट्रीच्या दुकानात शिरल्यासारखा. चवीत व्हॅनिला, त्यामागे दालचिनीची पुसट जाणीव आणि मग जवळजवळ काहीच नाही. पाणी घातल्यावर ती इतकी विरळ होते की मद्य पितो आहोत याचाच विसर पडावा. ज्यांची जीभ ओल्ड मंकवर तयार झाली आहे, आणि महाराष्ट्रातल्या रम पिणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती झालेली असते, त्यांना ही रम पोकळ वाटण्याचे कारण आकड्यातच आहे: ओल्ड मंक ४२.८ टक्क्यांची असते. (हा चमत्कारिक आकडा म्हणजे जुन्या ब्रिटिश मापातले ७५ अंश प्रूफ, मापपद्धती गेली, आकडा राहिला.) ओल्ड मंकच्या लेबलावर मसाल्याचा शब्दही नसतो, तरी तिची व्हॅनिला कोणाच्याही नजरेतून सुटत नाही, आणि निव्वळ भरीवपणाच्या बाबतीत ती या कॅप्टनला सहज मागे टाकते. कोलामध्ये मात्र कॅप्टन मॉर्गन निरुपद्रवी आणि आनंददायक आहे. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

सेलर जेरी या बाटलीला होनोलुलूतल्या नॉर्मन कॉलिन्स या गोंदणकाराचे टोपणनाव दिलेले आहे. तिचे मालक विल्यम ग्रँट अँड सन्स, म्हणजे व्हिस्कीच्या व्यवसायातली जुनी मंडळी. अमेरिकेत ती ४६ टक्क्यांना विकली जाते, ब्रिटनमध्ये ४० टक्क्यांना. ज्याने दोन्ही बाटल्या चाखल्या आहेत त्याला हे सहा टक्के किती मोलाचे आहेत ते ठाऊक असते, कारण अमेरिकेतल्या बाटलीत दालचिनी आणि लिंबाची साल यांना उभे राहायला जागा मिळते. २०१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तिची कृती बदलण्यात आली तेव्हा जुन्या चाहत्यांनी मोठा गदारोळ केला होता. आजच्या बाटलीत व्हॅनिला आहेच, पण तिच्याबरोबर कॅरामेल, दालचिनी आणि शेवटी किंचित मिरमिरीत तिखटपणा येतो, त्यामुळे ती आंबट आणि तिखट पेयांत चांगली टिकते. आल्याची बिअर, भरपूर बर्फ आणि पिळलेले लिंबू यांच्याबरोबर ती या पाचांत सर्वांत चोख काम करते. नुसती प्यायची झाल्यास रात्र लवकर कंटाळवाणी होईल.

क्रॅकनबद्दल लिहिताना आधी बाटलीबद्दल लिहावे लागते, कारण तिच्यावर खर्च झालेली कल्पकता आतल्या द्रवापेक्षा अधिक आहे: मानेजवळ दोन कड्या, दंतकथेतल्या महाकाय सागरी प्राण्याचे जुन्या धाटणीचे कोरीव चित्र, आणि शाईसारखा काळा रंग. हा रंग पिंपातून आलेला नाही, तो कॅरामेलचा आहे. गडद रंग म्हणजे जुनी रम हा समज ज्यांच्या मनात अजून आहे त्यांनी तो येथे सोडून द्यावा. मुळातली रम त्रिनिदादची, आणि ब्रिटनमधल्या बाटलीत मद्यार्क ४० टक्के. चवीला ती दाट असते. करपवलेली साखर, कॉफी, लवंग, आले, आणि सगळ्यावर पुन्हा व्हॅनिला. पहिला घोट भुरळ घालतो हे मान्य केले पाहिजे, आणि जेवणानंतर चॉकलेट केकच्या तुकड्याबरोबर लहानसा ग्लास घेतला तर तिच्याविषयी तक्रार करवत नाही. पण दुसऱ्या ग्लासाला जीभ जड होते, पाणी घातल्यावर लवंग आणि साखर वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि मधली जागा, जेथे रम असायला हवी, ती रिकामी दिसते.

येथवरच्या तीन बाटल्या आणि पुढच्या दोन यांच्यात एक सरळ भेद आहे: पुढच्या दोन डिस्टिलरीने स्वतः गाळलेल्या रमच्या आहेत आणि त्या डिस्टिलरीचे नाव बिनमसाल्याच्या रमसाठी आधीच घेतले जाते. बार्बाडोसच्या सेंट फिलिप भागात १९९६ पासून रम गाळणारी फोरस्क्वेअर डिस्टिलरी आणि तिचे प्रमुख रिचर्ड सील हे रममध्ये गुपचूप साखर व स्वाद मिसळण्याच्या प्रथेविरुद्ध जाहीरपणे आणि कडवटपणे बोलणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. अशा माणसाने मसालेदार रम बनवावी यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही, कारण त्यांचा आक्षेप लपवण्याला आहे, मसाल्याला नाही, आणि या बाटलीवर मसाला ठळकपणे लिहिलेला आहे. फोरस्क्वेअर स्पाइस्ड ३७.५ टक्क्यांची आहे आणि पाचांत सर्वांत कोरडी. दालचिनी आणि जायफळ हे दोन स्वाद वेगवेगळे ओळखता येतात, व्हॅनिला मागच्या रांगेत बसते, आणि पाणी घातल्यावर सुक्या नारळाची व ओल्या लाकडाची जी चव वर येते ती थेट बार्बाडोसच्या रमची आहे. दोष एकच: घोट गिळल्यावर चव फार लवकर मावळते. हीच रम ४३ टक्क्यांना बाटलीत भरली असती तर या लेखाचा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

चेअरमन्स रिझर्व्ह स्पाइस्ड ही सेंट लुशिया बेटावरची, रोझो खोऱ्यातल्या सेंट लुशिया डिस्टिलर्स यांची, ४० टक्क्यांची. या खोऱ्यात आता व्यापारी ऊस पिकत नाही, केळीने त्याची जागा कधीच घेतली, आणि मळी बाहेरून आणावी लागते. मसाल्याची परंपरा मात्र अस्सल स्थानिक आहे. सेंट लुशियात आणि आसपासच्या बेटांवर रमच्या बाटलीत साली, मुळ्या, काड्या भिजत घालून ती घरी किंवा खेड्यातल्या गुत्त्यात ठेवण्याची पद्धत जुनी आहे. गोव्यात फेणीत दुकशिरीची सुगंधी मुळे घालून ठेवतात, त्यामागची दृष्टी याहून फार निराळी नाही: औषध, पाचक आणि चैन यांच्या सीमारेषा तेथे पुसट असतात. चेअरमन्स रिझर्व्हमध्ये दालचिनी, लवंग, जायफळ, व्हॅनिला, नारळ, संत्रे आणि लिंबू यांच्याबरोबर ‘ब्वा बांदे’ नावाच्या झाडाची साल वापरली जाते, जिच्या कामोत्तेजक गुणांविषयी बेटावर बऱ्याच कथा प्रचलित आहेत. त्या कथांची शहानिशा करण्याचे काम या परीक्षणाचे नाही, परंतु त्या सालीचा चवीवरचा परिणाम मात्र निःसंशय आहे.

तो परिणाम म्हणजे कडवटपणा. इतर चार बाटल्यांत गोडाला थोपवणारे काही नाही, फोरस्क्वेअरमध्ये गोडच कमी आहे. येथे गोड भरपूर असून त्याच्या बरोबरीने सालीचा तुरट-कडू स्वाद जिभेच्या कडांना धरून राहतो, आणि त्यामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटतो. नाकाला आधी संत्र्याची साल लागते, ताजी नव्हे तर साखरेत मुरवलेली, मग मनुका, मग लवंग. लवंग येथे जरा वरचढ आहे, आणि दातदुखीच्या तेलाची आठवण ज्यांना नकोशी वाटते त्यांनी पहिल्यापासूनच बर्फाचा खडा घालावा. पाणी घातल्यावर काही स्वाद विरतात, पण कोसळत काहीच नाही: मसाला मागे सरतो आणि पिंपात मुरलेली, थोडी धुरकट, थोडी फळांची रम पुढे येते. सकाळी रिकाम्या ग्लासाला लाकडाचा आणि मळीचा वास होता. थोडासा चिकटपणाही होता, हे नोंदवले पाहिजे. पाचांपैकी एकच बाटली पुन्हा घ्यायची असेल तर मी हीच घेईन, आणि ती कोलात मुळीच घालणार नाही. संत्र्याच्या सालीची एक चकती आणि एक मोठा बर्फाचा खडा एवढे तिला पुरते.

ज्यांना ही बाटली मिळत नाही त्यांनी ड्यूटी फ्रीमध्ये कॅप्टनच्या मोठ्या बाटलीला हात घालण्यापूर्वी घरच्या घरी मसाला मुरवण्याचा विचार करावा. हिंदी महासागरातल्या रियुनियन आणि मॉरिशस या बेटांवर फळे, व्हॅनिलाच्या शेंगा आणि मसाले रममध्ये महिनोन्‌महिने मुरवत ठेवण्याची रीत घरोघरी आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात लागणारे जिन्नस बहुतेक असतातच. ज्या रममध्ये आधीच व्हॅनिला जाणवते ती या कामाला घेऊ नये. कोरडी, साधी रम घ्यावी. ७५० मिलिलीटरला दालचिनीचा बोटभर तुकडा, जायफळाचा लहानसा फोडलेला खडा, संत्र्याच्या सालीची पांढरा भाग काढून टाकलेली एक पट्टी आणि तीन लवंगा पुरेशा होतात. रोज एक थेंब चाखून पाहावा. लवंगा दुसऱ्याच दिवशी काढून टाकाव्यात, कारण त्या सर्वांत लवकर उतरतात आणि मग इतर कोणाला बोलू देत नाहीत. साल तीन-चार दिवसांनी काढावी, दालचिनी त्याहून थोडी उशिरा. जायफळ किसून घालू नये, त्याचा गाळ मलमलीच्या फडक्यातूनही खाली उतरतो आणि रम कायमची गढूळ राहते. साखर घालायचीच असेल तर ती ग्लासात, प्रत्येकाने आपापल्या चवीप्रमाणे घालावी, बाटलीत नव्हे.