रविवारी दाखवलेला शेजार

आमचा फ्लॅट खरा आहे. सातबारा खरा, महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर खरा, आणि बँकेचा हप्ता तर इतका खरा की दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जातो. आम्ही फसलो ते फ्लॅटच्या बाहेर, खिडकीतून जे दिसतं त्यात. आणि त्यातलं एक अक्षरही करारनाम्यात नाही.

२०१९ साली आम्ही पुण्यात, कसब्यात वाड्यातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. नवऱ्याची नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, लेक बालवाडीत. सासूबाईंचे गुडघे दुखायचे आणि वाड्याचा जिना असा उभा, की त्या आठवड्यातून एकदाच, गुरुवारी दत्ताच्या देवळात जायला खाली उतरायच्या. त्यामुळे नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढे लिफ्टचा टू बीएचके मिळतोय म्हटल्यावर आम्हाला दुसरं काही सुचेना. नवऱ्याची कंपनी त्याच रस्त्यावर. किंमत खराडीच्या मानानं बरीच कमी. बिल्डरचं नाव इथे लिहीत नाही. नाव कळून तुमचं काम भागणारही नाही, कारण हे असंच दुसऱ्या नावानं दुसरीकडे चालू असतं.

पहिल्यांदा गेलो तो रविवार. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही रविवारच. आम्हाला सुट्टी रविवारी, आणि सेल्सचा मुलगाही म्हणायचा, "मॅडम, संडेला या, निवांत दाखवतो." ए बिल्डिंगमध्ये लोक राहायला आले होते, आमची बी अर्धी उभी होती. दोन्हींच्या मध्ये हिरवीगार बाग. झोपाळे, पिवळी घसरगुंडी, बाकांवर आज्या, मुलं चित्रं काढत बसलेली, एका टेबलावर वडापाव. कसब्यात लेकीला खेळायला वाड्याचं चौकातलं फरशीचं अंगण, तेही कुणी धुणं घालेपर्यंत. तिनं घसरगुंडीवर पाच फेऱ्या मारल्या आणि सहाव्या फेरीला आमचा निर्णय झालेला होता. सासूबाई बाकावर टेकल्या तर त्या मुलानं पाण्याची बाटली आणून दिली. "आजी, इथंच रोज संध्याकाळी बसायचं आता." आजी विरघळल्या. मी काय, मीही.

दसऱ्याला टोकन दिलं. त्या दिवशी बुक केलं तर मॉड्युलर किचन फुकट, असं होतं. किचनची एक फळी पहिल्याच पावसाळ्यात फुगली, पण ती तक्रार आज नाही.

ताबा २०२१ च्या डिसेंबरात मिळायचा तो २०२२ च्या अखेरीस मिळाला. मध्ये करोना होता, मुदतवाढ सगळ्यांनाच मिळाली होती, त्याबद्दल फारसा राग नाही. राग आला तो पुढच्या मार्चमध्ये. एका सकाळी जेसीबी आला आणि बाग उचलायला लागला. उचलायला म्हणजे शब्दशः. हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळली, झोपाळे टेम्पोत टाकले, घसरगुंडी वर बांधली. तिथे सी बिल्डिंगचा पाया खणायचा होता. बाग कधी बाग नव्हतीच, सी बिल्डिंगच्या जागेवर तात्पुरतं अंथरलेलं ते गवत होतं.

हे आम्हाला आधी कळू शकलं असतं का? दहा मिनिटांत. एकाच प्रकल्पाचे टप्पे महारेराकडे वेगवेगळे नोंदवता येतात, प्रत्येक टप्प्याला वेगळा नंबर. पुण्यातले नंबर तेव्हा ‘पी ५२१’ नं सुरू व्हायचे. आम्ही काय केलं, तर जाहिरातीतला नंबर संकेतस्थळावर टाकला, प्रकल्पाचं नाव दिसलं, खूश होऊन बंद केलं. त्याच पानावर मंजूर लेआउटचा नकाशा चढवलेला होता. तो उघडला असता तर दिसलं असतं की आमच्या नंबराखाली फक्त बी बिल्डिंग येते, बागेच्या जागी ‘भविष्यातील टप्पा’ म्हणून इमारतीची चौकट आखली आहे, आणि खरी मोकळी जागा मागच्या कुंपणाला लागून, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, लांबट पट्टीसारखी आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातींवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय, म्हणजे आता तर नंबर टाइप करायचाही त्रास नाही. फक्त नाव बघून थांबू नका. नकाशा डाउनलोड करा, मोठा करा, आणि साइटवर उभं राहून ताडून बघा की आपण नेमके कुठल्या चौकोनात उभे आहोत.

शाळेची गोष्ट याहून जास्त मनाला लागलेली आहे. ब्रोशरमध्ये ‘शाळा : चालत ३ मिनिटं’ असं होतं आणि नकाशावर आकाशी रंगाचा चौकोन. प्रत्यक्षात त्या जागी पत्र्याचं कुंपण आणि वर फलक, ‘प्रवेश लवकरच’. शाळेचं नाव इंग्रजी, भारदस्त. मी त्या मुलाला विचारलं, कधी सुरू होणार? "पुढच्या जूनला, मॅडम." पुढच्या जूनला करोना. त्याच्या पुढच्या जूनला परवानगीचं चाललंय. मग फलकच गेला. मंजूर नकाशात तो चौकोन शाळा नव्हताच, ‘अ‍ॅमेनिटी स्पेस’ होता. म्हणजे सोयीसुविधांसाठी ठेवलेली जागा. तिथे शाळा होऊ शकते, दवाखाना होऊ शकतो, दुकानं होऊ शकतात. आज तिथे सळया आणि सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या आहेत. चालू असलेल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक असतो. तो मागायचा. क्रमांक नाही म्हणजे शाळा नाही, फलक कितीही मोठा असो.

काही ठिकाणी सेल्सवाले विकास आराखड्यातलं शाळेचं आरक्षण दाखवतात. आरक्षण म्हणजेही शाळा नव्हे. दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली आरक्षण सुटतं. तोवर तुमचं लेकरू कॉलेजात गेलेलं असतं. आमची लेक आता व्हॅननं खराडीला जाते. केसनंद फाट्यावर व्हॅन अडकली की पहिला तास बुडतो. सकाळी सव्वासहाला उठवताना ती डोळे न उघडता विचारते, "तीन मिनिटांची शाळा कधी होणार?" तिला कोणी सांगितलं कोण जाणे. घरात आम्ही त्यावर भांडतो तेव्हा ऐकलं असेल.

पाण्याचं आम्ही विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण ‘तुम्ही विचारायला हवं होतं’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. उत्तर मिळालं, "सहा महिन्यांत कॉर्पोरेशनमध्ये जातोय ना आपण." ३० जून २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. आम्ही यादी वरून खाली, खालून वर वाचली. वाघोली होती. आमचं गाव नव्हतं. आणि जी गावं गेली तिथल्याही कित्येक सोसायट्यांत टँकर चालूच आहेत, तेव्हा गेलो असतो तरी काय मोठंसं झालं असतं.

खरी गंमत कागदात होती. अशा भागात बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर ती देणाऱ्या प्राधिकरणाला हमीपत्र देतो की सार्वजनिक पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवीन. ते हमीपत्र आमच्याही प्रकल्पाचं होतं. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर मिळालं. पण सोसायटी स्थापन झाली आणि टँकरची बिलं गुपचूप आमच्या माथी आली. हिशोब सांगते. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप, चौघांचं घर, शहाण्णव फ्लॅट. दिवसाला बावन्न हजार लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. आमच्याकडे थंडीत टँकर बाराशेला पडतो, एप्रिलमध्ये दोन हजारांना. एका फ्लॅटमागे महिन्याला १,८७५ रुपये, उन्हाळ्यात ३,१२५, फक्त पाण्याचे. बुकिंगच्या वेळी आख्खा मेंटेनन्स दोन हजार सांगितला होता.

ए बिल्डिंगला तेव्हाही टँकरच यायचे. रविवारी ते सकाळी आठच्या आत येऊन जात. आम्ही पोचायचो अकराला.

आणि खडीच्या खाणी. वाघोली-भावडी पट्ट्यात दगडखाणी आणि क्रशर आहेत हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे, आम्हालाही ऐकून माहीत होतं. पण आमच्या टेकाडापलीकडे एक आहे हे कळलं नाही, कारण रविवारी ती बंद असते. इतर दिवशी दुपारी सुरुंग उडतात. खिडकीच्या काचा थरथरतात, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणते. सासूबाई पहिल्या वेळी भूकंप म्हणून गुडघे विसरून पॅसेजमध्ये धावल्या. तुळशीवर पांढरा थर बसतो. खडी भरलेले हायवा डंपर फाटकासमोरून जातात, त्यामुळे मुलांना सायकल घेऊन बाहेर सोडायची सोय नाही. मोबाइलवर नकाशाचं उपग्रह-चित्र लावून दोन बोटांनी मोठं केलं असतं तर ते पांढरे खड्डे लगेच दिसले असते. आम्ही त्याच नकाशावर मॉल किती लांब ते मोजत बसलो होतो.

नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो, त्यात आजूबाजूच्या गटांचं, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचं, काय ठरलंय ते कळतं. आम्ही तो काढला ताबा मिळाल्यावर. वकिलाला टायटल सर्चचे, म्हणजे जमिनीची मालकी तपासायचे पैसे दिले, त्यानं आमच्या गटाचा तीस वर्षांचा इतिहास काढला, पण शेजारच्या गटाचं आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे सगळं तपासलंय, हाही आमचा भोळेपणा. बँक तिच्या तारणापुरतं बघते. तुमची मुलगी कुठे खेळेल हा बँकेचा प्रश्न नव्हे.

चौदा कुटुंबांनी मिळून महारेराकडे तक्रार केली. रेरा कायद्याचं कलम १२ आहे : जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई मागता येते, किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. पण ब्रोशर हवं ना! सगळ्यांनी रद्दीत घातलेलं. आमचं सापडलं ते सासूबाईंमुळे. गुळगुळीत जाड कागद म्हणून त्यांनी ते तांदळाच्या डब्याखाली अंथरलं होतं. डब्याचा गोल डाग नेमका शाळेवर. बिल्डरच्या वकिलानं त्यावरचं मुंगीएवढं वाक्य दाखवलं, ‘चित्रे काल्पनिक’. आणि करारातलं कलम, की या करारापूर्वीची सगळी आश्वासनं रद्द. ते कलम आम्ही सही करताना वाचलं नव्हतं. नोंदणी कार्यालयात तीन तास उभं राहून अंगठे द्यायची पाळी आली की कोण वाचतं. मसुदा आठवडाभर आधी घरी मागा, आणि तोंडी जे जे सांगितलंय ते तारखेसकट परिशिष्टात लिहून मागा. त्यावर सेल्सवाल्याचा चेहरा कसा होतो, त्यावरूनच अर्धं कळेल. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याला माहीत असतं. तुम्हालाही असू द्या.

प्रकरण सलोख्याला गेलं. मागच्या पट्टीत खेळणी बसवायची आणि टँकरच्या बिलांचा काही भाग द्यायचा, असं लेखी ठरलं. खेळणी अजून यायची आहेत. शाळेचं आम्ही सोडून दिलं. चौदातली दोन घरं विकून गेली, तोट्यात.

गेल्या महिन्यात सेल्स ऑफिसमधून फोन आला. मुलगा नवा, आवाज तोच. "मॅडम, संडेला मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवलीय, आजींनाही घेऊन या, नाश्ता आहे." लेक हट्टानं गेली, मागोमाग मी. डी बिल्डिंगच्या जागेवर ताजी हिरवळ अंथरली होती. झोपाळे, बाकं, टेबलावर वडापाव. लेक घसरगुंडीपाशी थबकली. "आई, ही आपलीच." तिसरी पायरी तशीच तडकलेली होती, वरून पिवळा रंग नवा दिला होता.

पलीकडे एक जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर दोन वर्षांचं पोर. आमच्याकडेच बघत होती ती, कौतुकानं. मला म्हणाली, "किती छान वाटतं ना इथं, ताई?" सेल्सचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडेच येत होता. वेळ थोडा होता, म्हणून मी एवढंच म्हटलं, "बुधवारी या. दुपारी, अडीचच्या सुमाराला."