‘७००० ओक’ पैकी एक झाड आणि एक दगड, दारातच : जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतर (लिंडेन व्हेरिएंट)

इन्शुरन्सवाल्यांशी कालच फोनवर भांडून झालंय, त्यामुळे सूर चढा लागला तर समजून घ्या.

जर्मन कलाकार योसेफ बॉइस, डॉक्युमेंटा ७ (जर्मनीतल्या कासेलमधलं आधुनिक कलेचं मोठं प्रदर्शन), १९८२ हे सगळं तुम्हाला माहिती असणार म्हणून माहितीपत्रक परत छापत नाही. एक झाड आणि त्याच्या बुडाशी उभा केलेला बेसाल्टचा खांब, असे सात हजार जोड कासेल शहरभर. त्यातला एक आमच्या बिल्डिंगच्या दारात, आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर आणि आमच्या गाडीच्या बरोब्बर डोक्यावर आहे. टुरिस्ट लोक येतात, फोटो काढतात, कॉफी प्यायला जातात. आम्ही मात्र गेल्या ऑक्टोबरपासून ही कलाकृती रोज वापरतोय, झोपताना, झाडलोट करताना, पार्किंग करताना, म्हणून म्हणलं आपणच लिहावं.

पहिली गोष्ट म्हणजे नावात ओक आहे आणि आम्हाला लिंडेन मिळालंय. घर दाखवणारी बाई ‘खिडकीबाहेर बॉइस आहे’ असं अशा थाटात म्हणाली होती की भाडं त्यामुळेच जास्त असावं, पण कुठलं झाड हे तिने सांगितलं नाही आणि थंडीच्या तोंडावर पानं गळत आलेलं झाड बघून मला काय कळणार. सात हजारांत ओक सगळ्यात जास्त आहेत हे खरं, पण सोबत लिंडेन, ॲश, मेपल, चेस्टनट, प्लेन असं पुष्कळ काय काय लावलेलं आहे. कला म्हणून माझी काही हरकत नाही. गाडीवाली म्हणून आहे, आणि ती कशी ते आता सविस्तर सांगते.

जूनमध्ये लिंडेनला फुलं येतात. वास इतका गोड की रात्री खिडकी लावायचं मन होत नाही, मधमाश्या दिवसभर घोंघावत असतात, तळमजल्यावरच्या आजी फुलं खुडून वाळवतात आणि हिवाळ्यात त्याचा चहा करतात. इथपर्यंत पाच स्टार. मग पडतो मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, आणि त्यांच्यातून गळणारा गोड चिकट द्रव तो चिकटा. सांगलीकडच्यांना मावा सांगायला नको, ज्वारीवर चिकटा पडला की बाबा शेतातून तोंड पाडून यायचे तो हाच प्रकार, फक्त इथे मावा झाडावर असतो आणि चिकटा आमच्या गाडीवर. काचेवर आधी बारीक फवारा मारल्यासारखे ठिपके दिसतात, तुम्ही वायपर फिरवता आणि अख्खी काच दुधाळ होते. गार पाण्याने जात नाही, कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मनगटाचा जोर लागतो. दोन दिवस सोडलं तर वर धूळ बसून काळपट थर होतो, दाराचं हँडल धरलं की हात चिकटतो, सायकलची सीट चिकट, फुटपाथ चिकट, लोक जिना चढताना बुटांचा चट चट आवाज येतो आणि त्या आवाजावरून मी सांगू शकते की कोण झाडाखालून आलंय आणि कोण मागच्या दाराने. बरं रस्त्यावर साबण लावून गाडी धुवायची इथे सोय नाही, दंड होतो, म्हणजे वॉशला न्या आणि दर खेपेला दहा-बारा युरो मोजा.

आता हिशोब. त्या काळी एका झाडाची देणगी होती ५०० मार्क, दगडासकट. महागाई सोडून नुसता युरोत बदल केला तर अडीचशेच्या आसपास. मी दोन-तीन उन्हाळे वॉशला जात राहिले तर एक अख्खा बॉइस विकत घेतल्यासारखं होतंय, आणि पावती कुणाच्या नावाची, तर कार वॉशची!

पैशांवरून आठवलं, हा भाग मला मनापासून आवडलेला आहे. ५०० गुणिले ७००० म्हणजे ३५ लाख मार्क, आणि नुसत्या देणग्यांवर एवढं जमत नव्हतं. तर या माणसाने काय करावं? रशियाचा झार इव्हान द टेरिबलच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती मिळवली, ३० जून १९८२ ला सगळ्यांसमोर वितळवली, त्याचा ससा ओतला आणि तो ७,७७,००० मार्कांना गेला. पुढे जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतपण उभा राहिला, डोक्यावर आपली नेहमीची फेल्ट हॅट घालून. ग्रँटची वाट बघत बसला नाही, जिथून मिळतील तिथून आणले. काटकसरी बाई म्हणून मी या वृत्तीला मानते.

आता दगड. साधारण सव्वा मीटर जमिनीच्या वर, पाच-सहा कोनांचा, काळाकरडा. कासेलजवळच्याच खाणीतला. कोन कुणी छिन्नीने पाडलेले नाहीत, लाव्हा थंड होताना आपोआप तडकतो आणि असे खांब होतात, अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर तेच प्रकरण, फक्त तिथे डोंगरभर आणि इथे एकेक सुटा. आम्ही दगडांच्या देशातले, त्यामुळे दगड बघून मी भारावले वगैरे नाही. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि पहिलं वाक्य, ‘शेंदूर नाही लावत होय गं तिकडं?’ खरंच झाडाखालचा म्हसोबा वाटतो तो. माथ्यावर शनिवारी रात्री कुणीतरी बिअरची रिकामी बाटली ठेवतं आणि सकाळी ती गेलेली असते, आठ सेंट डिपॉझिट सोडायला इथेपण कोणी तयार नाही.

जुलैमध्ये नवऱ्याने रिव्हर्स घेतली. तिरपी. मागच्या बंपरचा उजवा कोपरा आत गेला आणि क्लिपा तुटून लोंबायला लागला. पार्किंग सेन्सर बोंबलत होता हो, पण चिकट्याने माखल्यापासून तो दिवसभर रिकाम्या रस्त्यावरही बोंबलतो, कोण लक्ष देणार. (म्हणून म्हणते, सगळ्याच्या मुळाशी चिकटा आहे.) इन्शुरन्सला फोन केला. पहिला प्रश्न, माणसाला लागलं का? नाही. दुसरा प्रश्न, दगडाला लागलं का? मी म्हणलं दगडाला काय लागणार, तर म्हणे चारही बाजूंनी फोटो पाठवा. गाडीचे मागितलेच नाहीत! नंतर कळलं की आम्ही पैसे वाचवायला टाइलकास्को, म्हणजे अर्धवट विमा, घेतलीय, त्यात चोरी, गारपीट, हरिण आडवं येणं वगैरे बसतं, स्वतः ठोकलेलं बसत नाही. थर्ड पार्टी मात्र असतेच. म्हणजे आम्ही दगड फोडला असता तर कंपनीने भरपाई दिली असती, दगडाने आम्हाला फोडलं त्याचं आमचं आम्ही बघायचं. दगडावर आमच्या गाडीचा निळा रंग बोटभर लागला होता, तोही दोन पावसांत गेला. कालचं भांडण यावर की जिथे एक सेंट द्यावा लागला नाही तिथे क्लेमची फाइल उघडली म्हणून आमची नो-क्लेमची पायरी खाली आणायची का. लेखी द्या म्हणलं, बघू.

त्यांची भीतीपण अगदीच खोटी नाही म्हणा. बॉइसच्या वस्तूला हात लावणं महागात पडतं. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत त्याने खोलीच्या कोपऱ्यात वर पाच किलो लोणी थापून ठेवलं होतं, तो गेल्यावर १९८६ मध्ये कुणीतरी साफसफाईत ते काढून टाकलं आणि शेवटी सरकारला ४०,००० मार्क भरपाई द्यावी लागली. लोण्याची ही कथा, तर दगडाचं काय धरतील.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि रेटिंग ठरलं होतं, झाड तीन, दगड शून्य. मग मध्ये ऑगस्टचा उकाडा आला, त्यामुळे पुढचं जरा वेगळं आहे.

जर्मनीतल्या घरांना पंखे नसतात, एसीचं तर नावच काढू नका. पलीकडच्या गल्लीत आमचे ओळखीचे राहतात, तोच मजला, खिडकीचं तोंड तिकडेच, पण समोर झाड नाही, ते ओल्या चादरी टांगून झोपत होते आणि शेवटी गाद्या घेऊन आमच्याकडे आले. आमच्या बेडरूममध्ये दुपारी ऊन येतच नाही, हिवाळ्यात पानं गेल्यावर मात्र पूर्ण येतं. म्हणजे पडदा आपोआप लागतो, आपोआप निघतो, बिल शून्य. झाड चार.

दगडाचं मत बदलायला मात्र तो बंपरच कारणीभूत. ठोकल्यापासून मला बुंधे बघत चालायची सवय लागली. जिथे साधी, बिनदगडाची झाडं पार्किंगला लागून आहेत तिथे बहुतेकांच्या बुडाची साल सोललेली, गुडघ्याच्या उंचीला, बरोब्बर बंपर लागतो तिथे. आमच्या लिंडेनला एक ओरखडा नाही. दगड नसता तर नवऱ्याने झाडात घातली असती, बंपर तेव्हाही गेलाच असता. जुन्या फोटोत रोपं काठीएवढी दिसतात आणि त्यांच्या शेजारी दगडच पहिलवान, आता झाड तीन मजले चढलंय आणि दगड तेवढाच्या तेवढा. आमचं झाड वठलं तर त्याच दगडाशेजारी दुसरं लावतात, म्हणजे या जोडीतला पर्मनंट कर्मचारी तो आहे.

आणि मूळ युक्तीही दगडातच आहे. आजी सांगतात, तेव्हा फ्रीडरिशप्लात्सवर, म्युझियमच्या पुढ्यात, सातच्या सात हजार दगड आणून ओतले होते. नियम असा की एक झाड लागलं की एक दगड हलणार. भर चौकातला ढीग नको असेल तर लावा झाडं! लोक पार्किंग गेलं म्हणून बोंबलले होते म्हणे, म्हणजे या कलाकृतीखाली पार्किंगची तक्रार करणारी मी पहिली नाही. पाच वर्षं लागली, बॉइस मध्येच जानेवारी १९८६ ला गेला आणि शेवटचं झाड १२ जून १९८७ ला त्याच्या मुलाने लावलं. आमच्या सोसायटीत वॉटर टँकचं काम ज्या गतीने चालायचं ते बघता असा एक ढीग चेअरमनच्या दारात ओतायला हवा होता. दगड साडेचार. अर्धा स्टार बंपरचा कापला.

देखभालीचं थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये पानं झाडायची बिल्डिंगमध्ये पाळी असते, ओली पानं फुटपाथला चिकटतात, खराटाच लागतो, मऊ झाडूने काही होत नाही. कोरडा उन्हाळा असेल तर शेजारी बादलीने पाणी घालतात, आम्हीपण डाळ-तांदूळ धुतलेलं घालतो, आजींना ते विचित्र वाटतं पण झाडाची तक्रार नाही. कुत्रे दगडावर वर्षभर आपलं काम करतात, त्याला इलाज नाही.

चिकट्याला माफी नाही, ते एक स्टारच. कासेलमध्ये घर बघत असाल आणि एजंट बॉइसचं नाव घेऊन भाडं वाढवत असेल तर आधी खाली जाऊन झाड कुठलंय ते बघा, ओक असेल तर बिनधास्त घ्या (ऑक्टोबरमध्ये टपावर फळं टपटप पडतात, तेवढं चालतं), लिंडेन असेल तर गाडी पलीकडच्या फुटपाथला लागते का ते विचारा. फुल कास्को घ्या.

डॉक्युमेंटा १६ आहे १२ जून २०२७ पासून, म्हणजे शेवटच्या झाडाला बरोब्बर चाळीस वर्षं. बंगळुरू आणि पुण्याच्या मैत्रिणी आत्तापासून ‘तुझ्याकडेच उतरू’ म्हणतायत. या, पण भाड्याची गाडी घेतलीत तर आमच्या दारात लावू नका, तारीख ऐन चिकट्याची आहे आणि डिपॉझिट तुमचं कापलं जाईल. बंपर आम्ही जुन्या बाजारातून घेतला, पांढरा मिळाला, गाडी निळी आहे, तसाच लावलाय.