काळविटांच्या शेजारी वेल्डमेशचा ट्री गार्ड

आधी निकाल सांगते. सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या पट्ट्यात तुमची जमीन असेल आणि बांधावर झाडं लावायची असतील, तर वेल्डमेशचा, म्हणजे वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीचा, ट्री गार्ड (रोपाभोवतीचा पिंजरा) घ्याच. मात्र दुकानात तयार मिळतो तो नको. स्वतः माप देऊन करून घेतलेला घ्या.

आमचं शेत माळाला लागून आहे. माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. माळढोकाचं दर्शन आता दुर्मिळ झालंय, पण काळविटांचे कळप भरपूर आहेत, अधूनमधून चिंकाराही दिसतो. काळविटाचं मुख्य खाणं गवत. पावसाळ्यात माळ हिरवा असतो तेव्हा ती रोपांकडे ढुंकूनही बघत नाहीत. खरा त्रास फेब्रुवारीपासून. गवत वाळून पिवळं पडतं आणि सगळ्या शिवारात हिरवं म्हणून उरतं ते आपण पाणी घालून जगवलेलं रोप. मग त्यांनी ते खाल्लं तर त्यात नवल काय? शेंडा गेला की चिंचेचं रोप खालून फुटतं, पुढच्या उन्हाळ्यात तोही फुटवा जातो, आणि झाडाचं कायमचं झुडूप होऊन बसतं.

नुसतं खाणंच नाही. नर काळवीट आपल्या हद्दीत झुडपांवर शिंगं घासतो, डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव काड्यांना लावून ठेवतो. त्याच्या वाटेत आपलं जांभूळ आलं की साल सोलली जाते, कधी खोडच मोडतं. म्हणून हलका, नुसता टेकवून ठेवलेला गार्ड इकडे कामाचा नाही.

गार्डवर पैसे घालण्याआधी एक तपासणी करा. शेंडा कुणी खाल्ला ते बघा. आमच्या बांधावरून मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका धनगर मामांनी मला हे शिकवलं. तुटलेलं कडुलिंबाचं रोप हातात घेऊन म्हणाले, "ताई, ह्ये हरणाचं न्हवं. सशाचं हाय. कात्रीनं तिरपं कापल्यागत हाय बघा." काळवीट, चिंकारा, शेळी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला धरून ओढतात, त्यामुळे टोक फाटलेलं, रेशे निघालेलं दिसतं. ससा तिरका, स्वच्छ काप घेतो, आणि तोही जमिनीलगत. ससा असेल तर जाळी जमिनीपर्यंत टेकलेली हवी. खाली वीतभर फट ठेवून गार्ड उभा केला तर हरणापासून वाचलेलं रोप सशाच्या पोटात जातं.

आता वस्तूबद्दल. पहिले काही गार्ड मी सोलापुरातल्या एका दुकानातून तयार घेतले. १२ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) म्हणून दिले, पण तार बोटांत दाबली तरी वाकत होती. घरी मापली तर २ मिलिमीटर, म्हणजे १४ गेज. १२ गेजची तार साधारण २.६ मिलिमीटर भरते. आकडा लहान तितकी तार जाड, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि त्याचाच फायदा घेतला जातो. उंची ४ फूट, पाय एकच. शेळीने पुढचे पाय टेकवले आणि गार्ड रोपासकट आडवा. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. हा व्यवहार मला अजून खटकतो, कारण फसवणूक पैशाची होतेच, पण वर्षभर टँकरने जगवलेलं रोपही त्यात जातं.

नंतरचे गार्ड अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले. ५ फूट उंच, दीड फूट व्यासाचे, २ इंची चौकोनाची १२ गेज जाळी, आणि समोरासमोर दोन अँगलचे पाय, जाळीच्या खाली दीड फूट निघालेले. एकाला साडेपाचशे रुपये पडले. दीड फुटाचा आग्रह मी धरला. एक फुटाच्या गार्डात फांद्या लगेच जाळीबाहेर येतात आणि बाहेर आलेलं सगळं खाल्लं जातं, शिवाय वाऱ्याने खोड तारेवर घासून साल जाते. ५ फूट उंची काळविटापेक्षा शेळ्यांसाठी जास्त लागते. काळवीट खांद्याला अडीच फुटांच्या आसपास असतं, शेळी मात्र मागच्या पायांवर उभी राहते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जाळी एका बाजूने उघडते. तिथे वेल्डिंग न करता तारेचे आकडे ठेवलेत. आत गवत माजतंच. ते खुरपायला, शेणखत घालायला, ठिबकची नळी सरळ करायला हात आत जायला हवा. बंद गार्डात गवतच रोपाला गिळतं, हे मी शेजारच्या बांधावर बघतेय.

उणिवा आहेत. आमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे पाय गाडायला पहार मारून घाम गाळावा लागतो. वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज लवकर धरतो. तिथे पावसाळ्याआधी रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) हात फिरवावा. आणि रस्त्याकडेचे गार्ड भंगारासाठी चोरीला जातात. तिथे मी पायांना खाली आडवी सळई वेल्ड करून घेतली, उपटताना अडकते.

स्वस्तातले पर्यायही वापरून झालेत. आत्याबाईंचा विश्वास काट्यांवर. बाभळीचे, बोरीचे काटे रोपाभोवती रचायचे, खर्च फक्त मेहनतीचा. पहिल्या वर्षी हे उत्तम चालतं. मग वाळवी लागते आणि काटे बसतात, दरवर्षी नवे रचावे लागतात. वेड्या बाभळीचे काटे घ्याल तर शेंगा नसलेले घ्या. काळविटं त्या शेंगा आवडीने खातात आणि बी शेणातून माळभर पसरवतात. जुन्या साड्या बांधून काही दिवस हरणं बिचकतात, नंतर सरावतात. ग्रीन नेट गुंडाळलं तर उन्हाळ्यातल्या वावटळीत तेच फडफडून शेंडा मोडतं. नायलॉनची जाळी मात्र कुणीही लावू नये असं मी हात जोडून सांगेन. काळविटाची पिळदार शिंगं त्यात अडकतात आणि जनावर तडफडत राहतं.

प्लॅस्टिकच्या बंद नळ्याही एका नर्सरीत दाखवल्या होत्या. ही कल्पना ब्रिटनमधल्या ग्रॅहम ट्युली या वनाधिकाऱ्याची, १९७९ सालची. तिकडे रो जातीच्या लहान हरणासाठी १.२ मीटरची नळी लावतात, रेड डिअरसाठी १.८ मीटरची. तिथल्या थंडीत नळीतली ऊब रोपाला मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या पुढे जातो. त्यात रोपाला बंद नळीत ठेवायची माझी तयारी नाही. जाळीतून वारा खेळतो, ते बरं.

झाडं शेकड्यांनी असतील तर प्रत्येकाला साडेपाचशे परवडत नाहीत. तेव्हा सगळ्या प्लॉटला सोलरवरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा हलका धक्का सोडणारं यंत्र) लावणं हाच हिशेबी मार्ग. त्याचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर मागे सरतं, मरत नाही. घरातल्या लाइटची वायर कुंपणाला जोडण्याचा विचारही करू नका. त्याने माणसंही मेली आहेत, आणि काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे.

मला मनापासून वाटतं की झाड सांभाळायचं ते झाडाभोवती जाळी लावून, हरणांना पळवून नव्हे. ही जनावरं या माळाची आहेत. म्हणूनच माझी झाडं बांधावर, विहिरीकाठी आणि वस्तीभोवती आहेत, माळावर एकही नाही. मोकळं गवत आहे म्हणून तिथे काळवीट आहे. पावसाळ्यात उत्साहाने माळावर खड्डे घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की तेच रोप बांधावर लावा, गार्डसकट लावा.

खोड मनगटाएवढं झालं आणि शेंडा गार्डच्या वर दोन हात गेला की गार्ड काढून पुढच्या रोपाला लावते. कडुलिंब लवकर मोकळा होतो, चिंच वेळ घेते. एका गार्डावर दोन-तीन झाडं निघाली तर साडेपाचशे महाग नाहीत.

ऑर्डर मे महिन्यातच द्या. जूनमध्ये पाऊस पडला की फॅब्रिकेटरकडे शेडच्या कामांची गर्दी होते. गेज, उंची, व्यास आणि उघडणारी बाजू हे चारही कागदावर लिहून घ्या, आणि माल उचलताना तार तिथेच मापा.